अंगावरचं ‘इरप्शन’, हिरडीतलं आणि डोंगरातलं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. दहा महिन्यांच्या बाळाला तीन दिवस सणसणून ताप होता. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोटापाठीवर गुलाबी पुरळ उठलं. डॉक्टरांच्या कागदावर ‘इरप्शन’ असं लिहिलंय. दातांच्या तपासणीच्या कार्डावरही ‘इरप्शन’ आहे आणि मोठ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीलाही तोच शब्द. आईचं विचारणं असं की हे सगळं एकच का? आणि दात येताना अंगातली उष्णता पुरळाच्या वाटेने बाहेर पडते असं घरात सगळे म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का?

बाळाचं पहिल्यांदा. तुम्ही जो क्रम लिहिलाय, म्हणजे तीन दिवस मोठा ताप, मग ताप एकदम गायब आणि त्याच्या मागोमाग पुरळ, तो रोझिओला नावाच्या आजाराचा अगदी ठरलेला क्रम आहे. मानवी हर्पिस गटातला सहाव्या क्रमांकाचा विषाणू बहुतेक वेळा याला कारण असतो, कधी सातव्या क्रमांकाचा. तो घरातल्याच मोठ्या माणसांच्या लाळेतून येतो आणि मोठ्यांना पत्ताही नसतो. सहा महिने ते दोन वर्षं हे त्याचं वय. ताप चढताना काही बाळांना झटका (आकडी, फिट) येतो, ती यातली घाबरवणारी गोष्ट. पुरळ मात्र निरुपद्रवी असतं. ते छाती-पोटापासून मानेकडे आणि हातापायांकडे जातं, खाजत नाही आणि दोन-तीन दिवसांत डाग न ठेवता जातं. बाळ तोवर खेळायलाही लागलेलं असतं. त्याला औषध लागत नाही.

दातांशी संबंध नाही, पण तो का वाटतो हे समजण्यासारखं आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सहा महिन्यांनंतर ओसरत जातात, म्हणून याच काळात बाळाला एकामागून एक संसर्ग गाठतात. दातही याच काळात येतात. सहा ते चोवीस महिन्यांतल्या बाळाला कधीही ताप आला तरी एखादा दात येतच असतो किंवा नुकताच आलेला असतो. त्यामुळे दोष दाताच्या माथी मारणं सोपं जातं.

आता ‘आतलं काहीतरी साठून बाहेर फुटलं’ या समजुतीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. हे चित्र ज्वालामुखीचं आहे. ज्वालामुखीला ते बऱ्यापैकी लागू पडतं. कातडीला लागू पडत नाही, आणि दाताला तर अजिबात नाही.

ज्वालामुखी हे माझं क्षेत्र नव्हे, तेव्हा मुलीच्या पुस्तकापुरतं सांगते. खोलवरच्या शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होतात. शिलारस पातळ असेल तर बुडबुडे निसटतात आणि लाव्हा नुसता वाहतो; हवाई बेटांवरचा किलाउआ बहुतेकदा असा वागतो. सिलिका जास्त असेल तर शिलारस दाट होतो, बुडबुडे अडकतात आणि सगळं फुटून राख होते. फिलिपाइन्समधला पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी असा फुटला. स्फोटकतेच्या ० ते ८ या मोजपट्टीवर तो ६ वर होता. त्याने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात इतक्या उंच फेकला की पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळजवळ अर्धा अंश सेल्सिअसने खाली आलं.

पण भूशास्त्रातही इरप्शन म्हणजे आगच असं नाही. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराने ऑगस्ट १९८६ मध्ये सुमारे १,७०० माणसं मारली. लाव्हाचा थेंब नव्हता की ठिणगी नव्हती. तळाच्या थंड पाण्यात विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड एका रात्री एकदम उसळून वर आला आणि जमिनीलगत दऱ्याखोऱ्यांतून पसरला. झोपलेली माणसं गुदमरून गेली. गरम पाण्याचा फवारा उडतो त्यालाही इरप्शन म्हणतात. सूर्यावर चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि विद्युतभारित कणांचा ढग अवकाशात फेकला जातो, त्यालाही म्हणतात. अशाच एका ढगामुळे मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नऊ तास वीज नव्हती. म्हणजे शास्त्रज्ञसुद्धा हा शब्द घडलेल्या गोष्टीला वापरतात. ती कशाने घडली हे निराळं शोधावं लागतं.

डॉक्टरांच्या कागदावरही अगदी तसंच असतं. ‘इरप्शन’ हे निदान नव्हे. थोड्या अवधीत अंगावर काहीतरी नवीन उठलं, एवढंच त्यात म्हटलंय. निदान पक्कं होईपर्यंत आम्ही मुद्दाम असा मोघम शब्द लिहितो, आणि पुढे बारीक अक्षरात सपाट ठिपके, उंच पुळ्या, पाण्याचे फोड की पू भरलेले फोड याची नोंद करतो. खरी किंमत त्या बारीक अक्षरांना असते.

कातडीवर जे उठतं ते आतून बाहेर येत नसतं. गोवराचं उदाहरण घ्या. विषाणू शरीरात शिरल्यावर सुमारे दहा दिवसांनी ताप, खोकला, नाक गळणं आणि लाल डोळे सुरू होतात. पुरळ उठायला दोन आठवडे लागतात. विषाणू तोवर रक्तातून कातडीतल्या केशवाहिन्यांपर्यंत केव्हाच पोचलेला असतो. मग संरक्षक टी-पेशी जाग्या होतात आणि त्या विषाणू असलेल्या पेशींवर तुटून पडतात, तेव्हा कातडी लाल होते. आपल्याला दिसतं ते पुरळ म्हणजे त्या लढाईची जागा. विषाणू बाहेर फेकला जात नाही आणि उष्णताही कुठे बाहेर पडत नाही.

याचा पुरावा विचित्र ठिकाणी सापडतो. ज्या मुलांच्या टी-पेशी नीट काम करत नाहीत, त्यांना गोवर झाला तरी कधी कधी पुरळ उठतच नाही, आणि नेमकी हीच मुलं न्यूमोनियाने फार गंभीर होतात. ‘गोवर बाहेर निघाला नाही तर आत उतरतो’ ही जुनी समजूत बहुधा अशाच मुलांना पाहून पक्की झाली असावी. निरीक्षण खोटं नव्हतं, कारणमीमांसा चुकली. पुरळ उठलं नाही म्हणून मूल गंभीर झालं असं नाही. प्रतिकार तोकडा होता म्हणून दोन्ही गोष्टी झाल्या.

ही समजूत एकाच मुलखातली नाही. युरोपातही शतकानुशतकं देवीच्या रोग्याला बंद खोलीत, शेगडी पेटवून, जाड पांघरुणाखाली ठेवत, का तर सगळं बाहेर निघावं. सतराव्या शतकात लंडनचे थॉमस सिडनहॅम यांनी हे उलटं आहे असं ठासून सांगितलं आणि मोकळी हवा, हलकं पांघरूण सुचवलं. आजही मला तापाने फणफणलेली मुलं तीन थरांत गुंडाळलेली दिसतात. कृपा करून ते करू नका. पाणी, दूध भरपूर द्या, अंग पुसा, सुती कपडे घाला. आंघोळ घातली म्हणून पुरळ आत जात नाही.

मग पुरळ वाचायचं कसं? मी आधी पुरळाकडे बघतच नाही, तारखा विचारते. ताप कधी आला, पुरळ कधी उठलं, ताप त्या वेळी होता की गेला होता. रोझिओलात ताप गेल्यावर उठतं. गोवरात ताप असतानाच उठतं, आणि उठताना ताप आणखी चढतो. नंतर विचारते, सुरुवात कुठून झाली. गोवर कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होतो, चेहऱ्यावर येतो आणि तीनेक दिवसांत पायांपर्यंत उतरतो. जातानाही त्याच क्रमाने जातो. कांजिण्या अंगावर लाटांनी येतात, म्हणून एकाच जागी नवा ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली तिन्ही दिसतात. देवीत एका भागातले सगळे फोड एकाच वयाचे असायचे आणि तळहात-तळपायांवरही असायचे. देवीचं निर्मूलन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, पण हा फरक अजून शिकवतात, कारण मंकीपॉक्सचे फोडही अनेकदा तसे वाढतात.

पुरळाच्या आजारांना एके काळी डॉक्टरांनी सरळ क्रमांकच दिले होते. चौथा नंतर यादीतून गळला. पाचवा आणि सहावा अजून चालतो. तुमच्या बाळाचा रोझिओला म्हणजे सहावा.

दोन गोष्टी मात्र घरी बघता याव्यात अशा आहेत. पहिली, गोवराचा संशय असेल तर बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू बघा, दाढांच्या समोर. लाल झालेल्या अस्तरावर मिठाच्या कणांएवढे निळसर-पांढरे ठिपके असतील तर ते कॉप्लिकचे ठिपके. ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच जातात. दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं म्हणता येत नाही, पण दिसले तर शंका राहत नाही. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल गोवर पसरवतं, त्यामुळे हे ठिपके लवकर ओळखले तर बाकीची मुलं वाचतात. गोवर ठरलाच तर जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस द्यायचे असतात, तेही डॉक्टरांकडून.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. काचेचा साधा पारदर्शक पेला आडवा धरून त्याची बाजू पुरळावर दाबा आणि काचेतून बघा. लाली नाहीशी झाली तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे, नुसत्या वाहिन्या फुगल्यात. ठिपका तसाच लाल-जांभळा राहिला तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय. ताप असलेल्या मुलाच्या अंगावर असे न पुसणारे ठिपके असतील तर सकाळची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. मेनिंगोकॉकस नावाचा जिवाणू काही तासांत मूल हातचं घालवतो. सावळ्या कातडीवर लाली ओळखणं कठीण असतं, म्हणून तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीची आतली बाजूही बघा. आणखी एक बारकावा: या आजारात सुरुवातीला ठिपके काचेखाली पुसलेही जातात. मूल मलूल असेल, उजेड सहन होत नसेल, हातपाय थंड पडले असतील, तर पेला बाजूला ठेवा आणि निघा.

औषधाने उठणाऱ्या पुरळाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘इरप्शन’ हा शब्द रुग्णालयात सर्वांत जास्त याच्याच मागे लागतो, म्हणून लिहिते. लोक आदल्या दिवशी काय घेतलं ते आठवतात. नेहमीचं, गोवरासारखं दिसणारं औषधी पुरळ नव्याने सुरू केलेल्या औषधानंतर साधारण ४ ते १४ दिवसांनी उठतं. कोर्स संपून दोन दिवस झाल्यावरही उठू शकतं. म्हणून गेल्या दोन महिन्यांची यादी लागते, आणि त्यात डोकेदुखीची गोळी, काढे, चूर्णं, ‘ती तर नेहमीचीच’ सगळं यायला हवं.

उलट बाजूही आहे. विषाणूच्या तापात मुलाला प्रतिजैविक दिलं जातं, पुरळ विषाणूमुळे उठतं आणि कागदावर कायमचं ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असं नोंदलं जातं. एपस्टाइन-बार विषाणूच्या तापात अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातलं प्रतिजैविक घेतलेल्या बऱ्याच जणांना असं पुरळ येतं आणि ती बहुतेकांत खरी अ‍ॅलर्जी नसते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचा शिक्का बसलेल्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या सुमारे नऊ जणांना ती नसतेच. हा शिक्का फुकटचा नाही. पुढे आयुष्यभर महागडी आणि कमी योग्य औषधं घ्यावी लागतात.

औषधी पुरळात मला सर्वांत कुतूहल वाटतं ते ‘फिक्स्ड’ प्रकाराचं. ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर एकच गोल, जांभळट डाग उठतो, जळजळतो, बरा होतो आणि मागे काळपट खूण ठेवतो. काही महिन्यांनी माणूस तीच वेदनाशामक किंवा सल्फाची गोळी घेतो आणि काही तासांतच डाग बरोबर त्याच जागी पुन्हा फुलतो, एका बोटाचाही फरक नाही. कारण पहिल्या वेळी तिथे आलेल्या टी-पेशी परत गेलेल्याच नसतात. त्या कातडीच्या त्या तुकड्यात मुक्काम करून बसतात. ‘रक्त अशुद्ध झालं म्हणून अंगावर उठलं’ हे खरं असतं तर रक्त सगळीकडे फिरत असताना डाग त्याच एका बोटभर जागेत कसा आला असता? अशा माणसांवर गुप्तरोगाचा संशय घेऊन त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला भलताच ताप दिला जातो, ते वेगळंच.

औषधानंतर कातडी लाल असून खाजतेय, तर डॉक्टरांना फोन करून शांतपणे जा. कातडी दुखतेय, तिच्यावर फोड येतायत, तोंड आतून सोललंय, डोळे लाल होऊन चिकटतायत, यांतलं काहीही असेल तर औषध लगेच थांबवा आणि आणीबाणी समजा. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. फिट्सवरची काही औषधं, सल्फा आणि युरिक अ‍ॅसिडवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल ही त्याची नेहमीची कारणं. चेहरा सुजणं, गाठी येणं आणि ताप हे औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी आलं, तर यकृत आणि मूत्रपिंडं तपासावी लागतात.

बाकीचे प्रकार ओळखीपुरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघड्या भागांवर उठणारं, खाजणारं पुरळ उन्हाचं असतं. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर अचानक एकसारखे छोटे, मध्ये खळगा असलेले फोड आले तर ती हर्पिसची लागण असते आणि विषाणूविरोधी औषध त्याच दिवशी सुरू करावं लागतं. नितंबांवर, कोपरांवर पिवळट बारीक पुळ्यांचा घोळका उठला तर रक्तातली ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) बेसुमार वाढलेली असतात. तिथे मलम लावत बसाल तर स्वादुपिंडाला सूज येऊन बसेल.

आता दात. दात मुळाकडून ढकलला जातो आणि हिरडी फाडून वर येतो असं बहुतेकांना वाटतं. १९८० च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांनी ही कल्पना पार मोडली. जबड्यात वाढणाऱ्या दाताभोवती एक मऊ पिशवी असते. संशोधकांनी ती काढली, तेव्हा दात जागचा हलला नाही. मग त्यांनी पिशवी जागेवर ठेवली आणि आतला दातच काढून त्याजागी धातूची प्रतिकृती बसवली. ती प्रतिकृती दातासारखी वर आली! म्हणजे दात स्वतः फारसं काही करत नाही. पिशवी हाड खाणाऱ्या पेशींना बोलावते, त्या दाताच्या वरचं हाड विरघळवतात, वाट मोकळी होते, आणि खालच्या बाजूला नवं हाड तयार होत राहतं. हिरडीसुद्धा फाटत नाही, ती पातळ होत जाऊन उघडते. पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या एका ग्राहीच्या, म्हणजे त्याचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात दोष असेल तर वाट मोकळी होऊनही दाढा अर्ध्यावर अडकून राहतात. दाताची बांधणी उत्तम, फक्त वर येणं नाही.

त्यामुळे दात येण्याने काय होतं? लाळ गळते, बाळ हाताला येईल ते चावतं, चिडचिडतं, रात्री उठतं; अंग किंचित कोमट लागतं. सतत लाळेने ओली राहून हनुवटी आणि मानेच्या वळ्या लाल होतात, तेवढं पुरळ दाताच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही. ३९ अंशांचा ताप, जुलाब, अंगभर पुरळ हे दाताचं नव्हे. दाताचं समजून थांबलं की कानाचा किंवा लघवीचा संसर्ग मागे राहतो, आणि हे मी वारंवार बघते.

जुन्या काळात याची किंमत फार मोठी होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत हजारो बाळांच्या नावापुढे ‘दात येणे’ हेच कारण आहे. डॉक्टर हिरडीला चीर देत. नंतर दातांच्या पावडरी आल्या, त्यांत कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं संयुग असायचं. काही बाळांचे हातपाय गुलाबी, सुजलेले, सालपटं निघणारे व्हायचे. ती घामाघूम व्हायची आणि उजेड सहन न होऊन किंचाळायची. या ‘गुलाबी आजारा’चं कारण कितीतरी वर्षं सापडत नव्हतं. १९४० च्या दशकात अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला, पुढच्या दशकात पावडरी बाजारातून गेल्या आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला. दाताच्या इरप्शनवरचा उपायच कातडीवरचं इरप्शन घडवत होता. आजचे हिरडी बधिर करणारे बेंझोकेनचे जेलही दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नका. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोकादायक कमी होऊ शकते. थंड, स्वच्छ ओलं फडकं चावायला द्या, तेवढं पुरतं.

तुमच्या बाळाला दहाव्या महिन्यात एकही दात नसला तरी चालेल. खालचे मधले पटाशीचे दात सहसा सहा ते दहा महिन्यांत येतात, पण काही बाळं वर्ष ओलांडतात. दीड वर्षापर्यंत एकही दिसला नाही तर दाखवा. कधी मुडदूस, कधी थायरॉइडची कमतरता निघते. दात येण्याच्या जागी हिरडीवर निळसर फुगवटा दिसला तर टोचू नका, दात वर आला की तो आपोआप जातो. आणि मोठी मुलगी दहा वर्षांची झाली असेल तर दंतवैद्यांना तिचे वरचे सुळे हिरडीतून हाताला लागतात का ते तपासायला सांगा. ते अकरा-बाराव्या वर्षी येतात. वाट चुकून टाळूकडे वळले असतील, तर या वयात कळल्यावर बऱ्याचदा दुधाचा सुळा काढला तरी ते मार्गावर येतात. चौदाव्या वर्षी कळलं तर शस्त्रक्रिया आणि तारा दोन्ही लागू शकतात.